संगणकाच्याही बोली असतात

मी पाचोडचा. छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे निघालात की रस्त्यावर लागणारे, मोसंबीच्या बाजारासाठी ओळखले जाणारे हे गाव. मी कविता लिहितो, मराठीत लिहितो, आणि शिक्षण म्हणाल तर बी. ए. असा माणूस आज संगणकाच्या ‘शेल’ नावाच्या प्रकरणावर बोलायला बसला आहे, याचे तुम्हाला नवल वाटेल. मलाही वाटते. पण त्यामागे रात्री साडेदहाला आलेला एक फोन आहे. तो आधी सांगतो.

माझी भाची पदार्थविज्ञान घेऊन बी. एस्सी. झाली आणि पुण्यात एका संस्थेत तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला गेली. घरातून एवढ्या लांब शिकायला गेलेली ती पहिलीच मुलगी. पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या हातात एक छापील कागद पडला. त्यावर दहा-अकरा ओळी होत्या. त्या ओळी जशाच्या तशा संगणकावर लिहायच्या, म्हणजे कामाचे सगळे सॉफ्टवेअर वापरायला तयार होणार. बाकीच्या मुलांचे पाच मिनिटांत झाले. हिच्या पडद्यावर मात्र पहिल्याच ओळीला उत्तर आले : ‘एक्स्पोर्ट : कमांड नॉट फाउंड’. म्हणजे, ‘एक्स्पोर्ट’ नावाची आज्ञा मला सापडत नाही. हिने पुन्हा लिहिले. स्पेलिंग तपासले. शेजारच्या मुलाच्या पडद्यावरून अक्षर न् अक्षर उतरवून घेतले. उत्तर तेच. विचारायची लाज वाटली. दिवसभर ती नुसती बसून राहिली आणि रात्री तिने मला फोन केला. म्हणाली, “मामू, मेरेसे नै होता. मैं वापस आती.”

मला काय कळणार त्यातले? मी एवढेच म्हणालो, “बेटा, एक दिवस थांब. उद्या कुणाला तरी विचार. विचारण्यात कमीपणा नसतो.” दुसऱ्या दिवशी तिने तिथल्या एका वयस्कर तंत्रज्ञांना गाठले. त्यांनी कागदाकडे पाहिलेसुद्धा नाही. एकच प्रश्न विचारला, “तुझा शेल कोणता?”

तिचे खाते एका जुन्या यंत्रावर होते आणि त्या यंत्रावर ‘सी शेल’ चालत होता. कागद ‘बॅश’ नावाच्या शेलसाठी लिहिलेला होता. तंत्रज्ञांनी ‘एक्स्पोर्ट’ खोडून तिथे ‘सेटएन्व्ह’ लिहिले, दोन-तीन खुणा बदलल्या. चहा यायच्या आत काम झाले.

मुलगी हुशार होती, कागदही बरोबर होता. कागद एका बोलीत होता आणि यंत्र दुसरी बोली समजत होते, एवढाच घोटाळा. पण तेवढ्यावरून एक मुलगी ‘मला जमत नाही’ असे ठरवून सामान बांधायला निघाली होती. म्हणून हा विषय मी समजून घ्यायचा ठरवला. आठवडाभर तिने मला रोज रात्री फोनवर शिकवले आणि मी वहीत उतरवून घेतले. त्या वहीतलेच आज सांगतो आहे.

मोसंबीची साल

संगणकाच्या मुख्य प्रणालीला एक गाभा असतो. स्मृती कुणाला द्यायची, फाइल कुठे ठेवायची, छपाईयंत्राला काय सांगायचे, ही सगळी कामे तो गाभा करतो. पण आपण थेट त्याच्याशी बोलू शकत नाही. मधे एक दुभाषा लागतो. आपण शब्द लिहायचे, त्याने ते वाचून गाभ्याकडून काम करून घ्यायचे आणि उत्तर आपल्याला दाखवायचे. हा दुभाषा म्हणजे शेल. शेल म्हणजे कवच, टरफल. आमच्या गावच्या भाषेत सांगायचे तर मोसंबीची साल. आत रस, बाहेर साल, आणि आपला हात लागतो तो सालीला. लुई पूझाँ या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने १९६०च्या दशकात हे नाव वापरात आणले.

आता गंमत अशी की साल बदलता येते. गाभा तोच ठेवून वर वेगळा शेल चढवता येतो. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’ प्रणालीचे काम सुरू केले, तेव्हापासून शेल हा गाभ्यापासून वेगळा असा एक साधा कार्यक्रम राहिला. ज्याला पटेल त्याने आपला शेल लिहावा. आणि लोकांनी लिहिले. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न यांचा शेल आला. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात बिल जॉय यांनी ‘सी शेल’ केला. १९८३ मध्ये डेव्हिड कॉर्न यांचा ‘कॉर्न शेल’ जगापुढे आला. १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांचा ‘बॅश’ आला, जो आज बहुतेक लिनक्स संगणकांवर असतो. १९९० मध्ये ‘झेड शेल’ आणि २००५ मध्ये ‘फिश’ आला. विंडोजची आज्ञा देण्याची पद्धत आणखी निराळी, आणि तिथेही २००६ पासून ‘पॉवरशेल’ नावाची दुसरी पद्धत आहेच.

यातला कुणीही वेडेपणाने नवीन बोली काढली नाही. बोर्न यांचा शेल आज्ञांची लांबलचक यादी एका फाइलमध्ये लिहून चालवायला उत्तम होता. बिल जॉय यांना यंत्रापुढे बसून काम करणाऱ्याची सोय हवी होती. आधी लिहिलेली आज्ञा पुन्हा बोलावता यावी, लांब आज्ञेला छोटे टोपणनाव देता यावे, या सोयी त्यांच्या शेलमध्ये होत्या. गरज वेगळी, म्हणून बोली वेगळी. माणसांच्या बोलींचे तरी वेगळे काय झाले?

मी हे पटकन समजलो, कारण आमच्या घरात हेच चालत आले. अम्मीशी बोलायचे तर ‘दरवाजा लगा दे’. शाळेत गुरुजींसमोर ‘दार लाव’. दार तेच, कडी तीच. पण अम्मीच्या आईला, म्हणजे आमच्या नानीला, शाळेतले मराठी ऐकवले की ती विचारायची, “क्या बोल रा रे?” नानी अडाणी नव्हती आणि मीही चुकीचे बोलत नव्हतो.

अब्बांची मांडामांड

पण नुसती बोली वेगळी, एवढ्यावर हे संपत नाही. त्या छापील कागदावरच्या ओळी नेमके काय करत होत्या, ते पाहू.

माझे अब्बा शिवणकाम करत. दुकान म्हणजे सहा बाय आठची खोली. कात्री कुठे, टेप कुठे, खडू कुठे, अंगुस्तान कुठे, हे सगळे ठरलेले. कामावर बसलेल्या माणसाला मान वर न करता वस्तू हाताशी लागली पाहिजे. या मांडामांडीवरच कामाचा वेग ठरतो. संगणकातही प्रत्येक चालू कार्यक्रमाजवळ अशी एक मांडामांड असते. तिला इंग्रजीत ‘एन्व्हायर्नमेंट’ म्हणतात. आपण तिला मांडामांडच म्हणू. ती असते एका यादीच्या रूपात. डावीकडे नाव, उजवीकडे त्याची किंमत. ‘घर’ म्हणजे अमुक कप्पा. ‘भाषा’ म्हणजे तमुक.

या यादीतली सर्वांत महत्त्वाची नोंद म्हणजे ‘पाथ’. तुम्ही एखाद्या कार्यक्रमाचे नाव लिहिलेत की शेल तो कुठे शोधणार? अख्ख्या संगणकात शोधत नाही. ‘पाथ’मध्ये जे कप्पे ज्या क्रमाने लिहिले असतील, त्याच क्रमाने तो पाहत जातो आणि पहिल्यांदा सापडेल तो कार्यक्रम चालवतो. क्रम फार महत्त्वाचा. अब्बांकडे दोन कात्र्या होत्या, एक कापडाची, एक कागदाची. “कात्री आण” म्हटल्यावर हाताखालचा पोरगा आधी खण पाहायचा, मग फळी. खणात चुकून कागदाची कात्री राहिली असेल तर तो तीच आणायचा आणि कापडाची वाट लागायची. पोरगा दोषी नसायचा, क्रम दोषी असायचा. संगणकावर एकाच सॉफ्टवेअरच्या जुन्या-नव्या दोन आवृत्त्या असल्या की अगदी हेच होते.

दुसरी नोंद माझ्या जिव्हाळ्याची आहे. तिचे नाव ‘लँग’, म्हणजे भाषा. भाचीने पुण्याला जाताना तिचा जुना लिनक्स संगणक मला दिला होता. त्यात मी एक कविता ‘आई’ या नावाने साठवली. दुसऱ्या दिवशी यादी मागवली, तर कवितेच्या जागी सहा प्रश्नचिन्हे ओळीने उभी. मला वाटले, कविता गेली. पण ती जागेवरच होती. युनिकोडच्या ‘यूटीएफ-८’ पद्धतीत देवनागरीचे एकेक अक्षर साठवायला तीन-तीन घरे लागतात. ‘आ’ची तीन आणि ‘ई’ची तीन, मिळून सहा. ‘भाषा’ची नोंद केलेली नसल्यामुळे यंत्राला ही सहा घरे मिळून दोन अक्षरे होतात हे कळत नव्हते, म्हणून प्रत्येक घराला ते एक प्रश्नचिन्ह लावत होते. यंत्रात मराठीची सोय आधीच घातलेली होती. फक्त ‘लँग’ या नावापुढे मराठी, भारत आणि यूटीएफ-८ एवढी किंमत लिहायची होती. ती लिहिली आणि ‘आई’ परत आली. त्या संध्याकाळी मला ‘मांडामांड’ या शब्दाचा अर्थ पुस्तकाशिवाय समजला.

नक्कल दिलेली यादी

आता कळीचा मुद्दा. तुम्ही म्हणाल, एक छोटा कार्यक्रम लिहावा, त्याने सगळी मांडामांड करून टाकावी, म्हणजे कुणाला कोणती बोली येते याची कटकटच नको. मीही भाचीला हेच विचारले. ती म्हणाली, “मामू, तसे होत नाही.”

कारण असे. शेल जेव्हा एखादा कार्यक्रम सुरू करतो, तेव्हा तो आपल्या यादीची एक नक्कल त्याच्या हाती देतो. मूळ यादी देत नाही. अब्बा जसे आपल्या मापांच्या वहीतले एक पान उतरवून कारागिराला देत, तसे. कारागिराने त्या पानावर काहीही खोडावे, लिहावे, अब्बांच्या वहीत त्याने काडीचाही फरक पडत नसे. काम संपले की पान फेकले. तसेच, कार्यक्रमाने आपल्या नक्कलेत केलेला बदल तो संपताच संपतो. तो वरच्या शेलपर्यंत कधीच पोहोचत नाही.

ही अडचण वाटते, पण यात मोठे संरक्षण आहे. दुसऱ्या आठवड्यात भाचीने ‘पाथ’मध्ये नवा कप्पा जोडण्याऐवजी चुकून जुने सगळे पुसून फक्त नवा लिहिला. झाले! फाइलींची यादी दाखवणारी साधी आज्ञासुद्धा सापडेना. ती घाबरली. उपाय काय होता? ती खिडकी बंद करून नवीन उघडायची, बस्स. बिघाड त्या एका शेलच्या वहीपुरता होता. शिकणाऱ्या मुलांनी हे लक्षात ठेवावे. अशा चुकीने यंत्र मोडत नाही.

मग मूळ वहीत बदल करायचा कसा? तो शेलनेच स्वतःच्या हाताने केला पाहिजे. म्हणजे त्याला फाइल ‘चालव’ म्हणायचे नाही, ‘वाच आणि तू स्वतः कर’ म्हणायचे. आणि शेलने वाचायची म्हटल्यावर ती फाइल त्याच्याच बोलीत असली पाहिजे. सगळा गुंता इथे आहे. बोर्न घराण्यात ‘एक्स्पोर्ट’ म्हणतात, मधे बरोबरचे चिन्ह लागते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जागा सोडलेली चालत नाही. सी शेलमध्ये ‘सेटएन्व्ह’ म्हणतात आणि बरोबरच्या चिन्हाऐवजी नुसती मोकळी जागा सोडतात. फिशमध्ये ‘सेट’ हा शब्द आहे. विंडोजच्या जुन्या पद्धतीतही ‘सेट’च आहे, पण ‘पाथ’मधले कप्पे युनिक्सवर अपूर्णविरामाने वेगळे करतात, तर विंडोजवर अर्धविरामाने. एवढेच काय, ‘ही फाइल वाच’ हे सांगायचा शब्दही एक नाही. बोर्न यांच्या शेलमध्ये त्यासाठी नुसता एक टिंब देतात, सी शेलमध्ये ‘सोर्स’ म्हणतात, आणि बॅशला दोन्ही चालते.

खोडदच्या तबकड्या

ही अडचण आमच्या घरची एकटीची नव्हती. आपल्या महाराष्ट्रातच तिचे मोठे उदाहरण आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद गावी जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली. एकेक तबकडी ४५ मीटर व्यासाची आणि अशा ३० तबकड्या. त्यांतल्या १४ मधल्या भागात एकत्र आणि बाकीच्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन हातांवर लांबवर पसरलेल्या. अंतराळातून येणाऱ्या रेडिओ लहरी या तबकड्या टिपतात आणि त्या नोंदींतून आकाशाचे चित्र तयार होते.

ते चित्र काढण्यासाठी शास्त्रज्ञ अनेक वर्षे ‘एप्स’ नावाचे सॉफ्टवेअर वापरत आले. अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोल वेधशाळेत १९७०च्या दशकाच्या अखेरीला त्याचे काम सुरू झाले. या ‘एप्स’बरोबर मांडामांड करणारी फाइल एक नाही, दोन येतात. एकीच्या नावाच्या शेवटी ‘एसएच’, दुसरीच्या शेवटी ‘सीएसएच’. बोर्न घराण्याचा शेल वापरणाऱ्याने पहिली वाचायची, सी शेलवाल्याने दुसरी. काम दोघींचे तेच. हा झाला पहिला उपाय : प्रत्येक बोलीत एकेक कागद छापा. उपाय सरळ आहे, पण त्यात एक धोका आहे. वर्षा-दोन वर्षांनी एखादा पत्ता बदलतो, कुणीतरी एका फाइलमध्ये दुरुस्ती करतो आणि दुसरी विसरतो. मग अर्ध्या लोकांचे चालते, अर्ध्यांचे अडते, आणि अडलेल्यांना वाटते की आपलेच काहीतरी चुकले.

दुसरा उपाय म्हणजे सर्वांना समजेल असे सोपे बोलायचे. १९९२ साली ‘पॉझिक्स’ नावाच्या मानकात शेलची एक प्रमाण भाषा ठरवली गेली. बॅश, कॉर्न, लहानसा ‘डॅश’ हे सगळे ती समजतात, झेड शेललाही ती बहुतांशी समजते. म्हणून जाणती माणसे बॅशचे खास अलंकार टाळून या प्रमाण भाषेतच लिहितात. हे किती शहाणपणाचे, ते २००६ साली दिसले. ‘उबंटू’ या लिनक्सने आपल्या प्रणालीचा मूळ शेल बॅशऐवजी डॅश केला. फाइलच्या डोक्यावर ‘मी प्रमाण भाषेत आहे’ असे लिहून आत बॅशचे खास शब्दप्रयोग करणाऱ्या कितीतरी फाइली तेव्हा अडल्या. २०१९ मध्ये मॅक संगणकांनीही आपला नेहमीचा शेल बॅशवरून झेड शेलवर नेला. तिथेही ज्यांनी साधे लिहिले होते त्यांचे फारसे अडले नाही. मात्र सी शेल आणि फिश या प्रमाण भाषेच्या बाहेरचे आहेत. त्यांच्यासाठी हा उपाय पुरत नाही.

तिसरा उपाय मला कवी म्हणून सर्वांत आवडला. एक कार्यक्रम असा करायचा, ज्याला सगळ्या बोली येतात. तो स्वतः मांडामांड करत नाही. ते त्याला शक्यच नाही, हे आपण पाहिले. तो फक्त विचारतो, “तुझी बोली कोणती?” आणि त्या बोलीत योग्य ती वाक्ये बोलून दाखवतो. ती वाक्ये शेल ऐकतो आणि स्वतः अमलात आणतो. लग्नात काझी किंवा भटजी शब्द सांगतात आणि म्हणायचे ते वराने स्वतःच म्हणायचे असते, तसे! दूरच्या संगणकांवर जाताना लागणाऱ्या किल्ल्या सांभाळणारा ‘एसएसएच एजंट’ नावाचा कार्यक्रम असाच वागतो. त्याला ‘एस’ सांगितले तर तो बोर्नच्या बोलीत बोलतो, ‘सी’ सांगितले तर सी शेलच्या.

याच कल्पनेवर ‘मॉड्यूल्स’ नावाची मोठी व्यवस्था उभी राहिली. जॉन फर्लानी यांनी १९९१ साली ती एका परिषदेत मांडली. कोणत्या सॉफ्टवेअरला काय मांडामांड लागते, हे एकाच फाइलमध्ये एकदाच लिहायचे. वापरणाऱ्याने म्हणायचे ‘मॉड्यूल लोड’ आणि सॉफ्टवेअरचे नाव. बोली कोणतीही असो, आज्ञा हीच. काम झाल्यावर ‘मॉड्यूल अनलोड’ म्हटले की मांडलेले सगळे पुन्हा उचलून ठेवले जाते. एकाच सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्याही अशा सुखाने नांदतात. ज्याला जी कात्री हवी ती त्याच्या खणात.

आणि योगायोग पाहा. त्याच १९९१ साली आपल्या पुण्यात, डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली, सी-डॅकने ‘परम ८०००’ हा भारताचा महासंगणक तयार केला. मी तेव्हा बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. पेपरातली बातमी वाचून अभिमान वाटला होता, कळले काहीच नव्हते. आज त्याच ‘परम’ घराण्यातला ‘परम ब्रह्म’ पुण्याच्या आयसर संस्थेत आहे. तिथे काम करणारा विद्यार्थी रसायनशास्त्राचा असो की हवामानाचा, त्याला आपले सॉफ्टवेअर मागायचे असते ते ‘मॉड्यूल लोड’ म्हणूनच. एका यंत्रावर शेकडो माणसे, प्रत्येकाची गरज वेगळी, सवय वेगळी. कुणाला आपली सवय सोडावी लागत नाही आणि कुणाचे कामही अडत नाही. महासंगणकाचा वेग मला कळत नाही, पण हा समजूतदारपणा कळतो.

आपल्या वहीला हात न लावता

चौथा उपाय सर्वांत साधा आहे आणि लोक तोच विसरतात. प्रत्येक वेळी आपली मूळ वही बदलायची गरजच काय? ज्या एका कामाला वेगळी मांडामांड हवी, तेवढ्याच कामाच्या हाती वेगळी नक्कल द्यावी. त्यासाठी ‘एन्व्ह’ नावाचा एक छोटा कार्यक्रम असतो. आधी ‘एन्व्ह’, मग हवी ती नोंद, मग कार्यक्रमाचे नाव, असे एका ओळीत लिहायचे. ‘एन्व्ह’ हा शेलचा शब्द नाही, स्वतंत्र कार्यक्रम आहे, त्यामुळे बॅश असो, सी शेल असो की फिश, ही ओळ सगळीकडे सारखीच चालते. माझी ‘आई’ मी पहिल्यांदा अशीच पाहिली.

ओळी जास्त असतील तर त्या एका फाइलमध्ये लिहून तिच्या पहिल्या ओळीत ‘ही फाइल प्रमाण शेलने चालवावी’ अशी खूण करता येते. ती खूण गाभा स्वतः वाचतो आणि तोच शेल बोलावतो. तुम्ही कोणत्या शेलमधून हाक मारली याच्याशी त्याला देणेघेणे नसते. फाइल आपल्या नक्कलेत मांडामांड करते आणि शेवटच्या ओळीत खरा कार्यक्रम सुरू करून देते. मघाशी जी अडचण वाटली होती, नक्कलेतला बदल वर जात नाही ही, तीच इथे सोय होते. काम संपले, पान फेकले, वही जशीच्या तशी.

आता थोडे विद्यार्थ्यांसाठी. गावाकडून शिकायला गेलेल्या मुलामुलींसाठी विशेष करून. पडद्यावर ‘कमांड नॉट फाउंड’ आले तर घाबरू नका. त्याचा अर्थ ‘तुला येत नाही’ असा नसतो. ‘हा शब्द माझ्या बोलीत नाही’ किंवा ‘तू म्हणतोस ती वस्तू माझ्या यादीतल्या कप्प्यांत नाही’ एवढाच असतो. आधी आपला शेल ओळखा. ‘पीएस’ ही दोन अक्षरे लिहून एंटर दाबले की लिनक्सवर किंवा मॅकवर चालू कार्यक्रमांची छोटी यादी येते. तीत शेलचे नाव दिसते. मग हातातला कागद कोणत्या शेलसाठी लिहिला आहे ते पाहा. ‘पाथ’मध्ये नवे जोडताना जुने राखा. आणि कायमची नोंद करायची असेल तर ती आपल्या शेलच्याच सुरुवातीच्या फाइलमध्ये करा. बॅशची फाइल वेगळी, झेड शेलची वेगळी, सी शेलची वेगळी. एकाची नोंद दुसरा वाचत नाही.

आणि जे असे कागद लिहितात, त्या जाणत्या मंडळींना एक विनंती. कागदाच्या डोक्यावर एक ओळ जास्त छापा : ‘या आज्ञा अमुक शेलसाठी आहेत.’ जमल्यास बाजूला दुसऱ्या बोलीतली ओळही द्या. तुम्हाला त्याला दोन मिनिटे लागतील. पण तुमच्या वर्गात मागच्या बाकावर कुणीतरी बसलेले असते, ज्याच्या घरात यापूर्वी कुणी संगणकाला हात लावलेला नसतो आणि ज्याला हात वर करून विचारायची लाज वाटते. त्या दोन मिनिटांवर त्याचे पुण्यात राहणे किंवा गावी परतणे ठरू शकते. आमच्या घरात ते जवळजवळ ठरलेच होते.

भाचीने ते प्रशिक्षण पूर्ण केले. शेवटच्या आठवड्यात तिने आपल्या तुकडीसाठी तोच कागद नव्याने लिहिला. मधे उभी रेघ, डावीकडे बॅश, उजवीकडे सी शेल. त्याची एक प्रत तिने मला पाठवली. मी ती वहीत चिकटवून ठेवली आहे, माझ्या कवितांच्या शेजारी. दोन रकाने, दोन बोली, आणि खाली तिच्या हातची एकच ओळ : ‘अडल्यास विचारा.’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)